लाल गोळी एकटी पुरत नाही

उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, ती पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत. पुस्तकात होतं ते सगळं शिकून गेले होते. पुढचं बायकांनी शिकवलं.

१. दिवस गेल्यावर काळजी सुरू केली, तर थोडा उशीरच झालेला असतो. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते. तोवर पुष्कळ जणींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी मूल हवं असं ठरल्यापासूनच घ्यावी, निदान महिनाभर आधी. पण नव्या सुनेनं उपकेंद्रात येऊन ही गोळी मागितली, की संध्याकाळपर्यंत आळीभर चर्चा! मग मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊन तिथेच सांगायची. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटणाऱ्यांना माझं येणं फारसं आवडत नसे.

२. लोहाच्या लाल गोळ्यांचं “गोळ्या घेतेस ना?” असं कधी विचारू नये. उत्तर “हो” असंच येतं. मी विचारायची, “संडासला काळी होते का गं?” लोह पोटात गेलं की रंग बदलतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. “नाही बाई, नेहमीसारखीच,” असं म्हणणारीची पाकिटं बहुधा तांदळाच्या डब्यात निघत. एकीनं अख्खं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. “सकाळी घेतली की दिवसभर मळमळतं. रानात कामाला कसं जाऊ?” रात्री जेवून झोपताना घे म्हटलं, तर जमलं तिला. चौथ्या महिन्यापासून रोज एक, असे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की तो पांडुरोग. मग डोस डॉक्टर ठरवतात.

३. गोळीवर चहा नको, जेवणावरही नको. तासाभराचं अंतर ठेवलं तरच लोह अंगी लागतं. भाजीवर लिंबू पिळावं. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर घेऊ नये, वेगळ्या वेळी घ्यावी.

४. मिश्री म्हणजे तंबाखूच. “दातालाच तर लावते” हे खरं नाही. ती रक्तात जाते आणि बाळ कमी वजनाचं होतं.

५. सुनेला सांगून अर्धंच काम होतं. पातेलं सासूबाईंच्या हातात असतं, आणि सून सगळ्यांच्या मागून जेवते. भाजी संपलेली, चटणी-भाकरी उरलेली. त्यातून “बाळ फार वाढलं तर अडेल” म्हणून हात आखडता. खरं तर दोन माणसांचं जेवण लागतच नाही. एक जादा भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि कपभर दूध एवढ्यानं भागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. ज्या पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा खात, त्यांची बाळं जन्मतः अधिक भरलेली होती. हे मी सासवांना सांगायची. “आपल्याकडच्याच गावांतलं आहे,” म्हटलं की कान टवकारत. शेवगा दारात असतो, चाकवत बांधावर. ती भाजी सुनेच्या ताटात पडते का, एवढंच बघायचं.

६. अंगावरून रक्त जाणं, डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, बाळाची हालचाल मंदावणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा. नवरा घरी नाही म्हणून थांबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

७. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून ती सुरू आहे. चौथा महिना लागला असेल तर येत्या ९ तारखेला जा, गरोदरपणाच्या तपासणीचं कार्ड बरोबर घ्या. आणि सासूबाईंनाही न्या.