जुन्या घराची मलवाहिनी : शिकागो परिसरातील नवागत मराठी कुटुंबांसाठी

पुण्यामुंबईच्या सदनिकेत वाढलेल्या माणसाला मोरीत ओतलेले पाणी पुढे कोठे जाते याचा विचार करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. नळ तुंबला तर सोसायटीच्या चिटणिसास कळवावे, रस्त्यातील गटार तुंबले तर महापालिकेकडे तक्रार करावी, एवढ्यावर त्याचे कर्तव्य संपते. शिकागोत, अथवा लगतच्या ओक पार्क, बर्विन, स्कोकी, एव्हन्स्टन यांसारख्या जुन्या उपनगरांत घर घेणाऱ्या आपल्या मंडळींनी मात्र हे प्रथमच ध्यानी धरावे, की खरेदीखतावर सही करताना भिंती, छप्पर आणि परसातील झाडे यांच्याबरोबरच जमिनीखालून रस्त्यातील मुख्य गटाराकडे जाणारा सांडपाण्याचा नळही आपल्या मालकीचा होतो, आणि त्याच्या देखभालीचा व दुरुस्तीचा खर्चही आपल्याच शिरावर येतो. रस्त्याखालच्या भागाची जबाबदारी मालकाची की नगराची, याविषयी गावोगावचे नियम भिन्न आहेत. तेव्हा नगराच्या कचेरीत लेखी चौकशी करून ते उत्तर घराच्या दफ्तरात जपून ठेवावे. या परिसरात दीर्घकाळ स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी जे सोसले, जे खर्चले आणि त्यातून जे शहाणपण मिळविले, त्याचे हे संकलन आहे.

येथील मलनिस्सारणाची व्यवस्था अमेरिकेतील जुन्यांपैकी एक आहे. 1855 साली नेमलेल्या मंडळाचे मुख्य अभियंता एलिस चेसब्रो यांनी आखलेल्या या योजनेत घरांतील मैला आणि रस्त्यांवरील पावसाचे पाणी यांना एकच गटार होते, आणि जुन्या वस्त्यांत ती संयुक्त पद्धत अद्याप चालू आहे. मोठा पाऊस झाला की गटार काठोकाठ भरते, व त्यातील पाणी घराच्या नळातून उलट चढून सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे तळघराच्या फरशीतील निचऱ्याच्या जाळीतून, बाहेर पडते. हा जादा लोंढा साठविण्यासाठी 1975 मध्ये ज्यांचे बांधकाम सुरू झाले ते 109 मैलांचे खोल बोगदे 2006 मध्ये पूर्ण झाले, आणि थॉर्नटन व मकूक येथील जलाशय अनुक्रमे 2015 व 2017 पासून पाणी घेऊ लागले. तथापि आपल्या गल्लीतील गटार अरुंद असेल, तर दूरच्या बोगद्यात जागा असूनही आपले तळघर कोरडे राहीलच असे नाही.

हे झाले नगराकडून येणाऱ्या संकटाविषयी. दुसरे संकट आपल्याच अंगणात दडलेले असते. 1910 ते 1940 या काळात बांधलेल्या विटांच्या बंगल्यांमध्ये घराखाली बिडाचे नळ आणि अंगणाखाली खापरी नळ घालण्याचा प्रघात होता. हे खापरी नळ दोन-तीन फूट लांबीच्या तुकड्यांचे असत, म्हणजे साठ फुटांच्या अंतरात वीस ते तीस सांधे आले. या सांध्यांचे सिमेंट कालांतराने झिजते, त्यातून ओलावा झिरपतो, आणि त्या ओलाव्याच्या मागावर सिल्व्हर मेपल, विलो, पॉप्लर अशा वृक्षांची केसासारखी मुळे आत शिरून तेथे दाट जाळे विणतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कित्येक घरांत तर डांबरात भिजविलेल्या कागदी लगद्याचे, ऑरेंजबर्ग नावाने ओळखले जाणारे नळ आहेत. ते दाबाने चपटे होतात आणि त्यांस बदलण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून घराचा सौदा पक्का होण्यापूर्वी, नेहमीच्या तपासनिसाच्या अहवालावर विसंबून न राहता, नळात कॅमेरा सोडून त्याचे चित्रण अवश्य करून घ्यावे. घरतपासणीच्या सर्वसाधारण शुल्कात हे काम बहुधा अंतर्भूत नसते, ते स्वतंत्रपणे मागावे लागते.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. या विषयात आपल्या गृहिणींनी आणि गृहस्थांनी सर्वांत अधिक लक्ष द्यावे अशी ही जागा आहे. तूप, लोणी आणि खोबरेल तेल थंडीत गोठतात. येथील हिवाळ्यात जमिनीखालच्या नळात ते भिंतींना चिकटतात, आणि पाण्यातील चुन्याशी त्यांचा संयोग होऊन साबणासारखा कठीण थर तयार होतो. कढई घासताना गरम पाणी सोडले म्हणजे तेल वाहून गेले, ही समजूत चुकीची आहे. ते केवळ आपल्या नजरेआड, दहा-वीस फूट पुढे जाऊन थिजते. त्यातच परातीला लागलेली कणीक, बेसनाचे पीठ, नारळाचा चव आणि पाण्यात फुगणारा भात व साबुदाणा यांची भर पडली, की त्या थराला बळकटी येते. दिवाळीच्या फराळाच्या तळणाचे तेल निवाल्यावर डब्यात भरून कचऱ्यात द्यावे, भांडी कागदाने पुसून मगच धुवावीत, आणि ओट्याखालील गार्बेज डिस्पोजल हे अन्न दळणारे यंत्र आहे, अन्न नाहीसे करणारे नव्हे, हे घरातील वडीलधाऱ्या पाहुण्यांसही आदराने समजावून सांगावे.

शिकागोतील जुन्या घरांच्या परसात, स्वयंपाकघराच्या मागील भिंतीजवळ, लोखंडी झाकणाचा एक गोल हौद पुष्कळदा आढळतो. त्यास कॅच बेसिन म्हणतात. ओट्याचे पाणी आधी या हौदात येते, स्निग्ध भाग वर तरंगून तेथेच अडतो, आणि खालचे पाणी पुढे मुख्य नळात जाते. पूर्वीच्या बांधकाऱ्यांची ही तजवीज फार उत्तम आहे, परंतु हौद वेळोवेळी उपसला तरच ती उपयोगी पडते. नव्या मालकाला त्याची माहितीच नसते, आणि झाकणावर गवत उगवलेले असते. आपल्या परसात तो आहे काय हे पाहून वर्षातून एकदा कोणा माहीतगाराकडून साफ करून घ्यावा.

एकच मोरी हळू वाहत असेल तर दोष तिच्यापुरता समजावा; परंतु कपडे धुण्याचे यंत्र रिकामे होताना खालच्या संडासात बुडबुडे आले, अथवा तळघरातील जाळीपाशी पाणी साचू लागले, तर मुख्य नळच तुंबत आहे असे जाणून त्याच क्षणी घरातील पाण्याचा वापर थांबवावा. तीव्र दाहक द्रव्ये ओतण्याचा मोह टाळावा. मुख्य नळातील अडथळा त्यांनी निघत नाही, आणि नंतर येणाऱ्या कारागिराच्या डोळ्यांना व हातांना इजा होण्याचे भय असते. ज्या घरात मुळांचा उपद्रव आहे तेथे ठराविक काळाने, बहुधा वर्षातून एकदा, रॉडिंग म्हणजे फिरत्या पात्याने मुळे छाटण्याचे काम करवून घेण्याची वहिवाट येथे आहे. मात्र येथे एका गंभीर धोक्याची जाणीव ठेवावी. गॅसचे नळ चर न खणता आडवे छिद्र पाडून घालण्याच्या पद्धतीमुळे क्वचित असा नळ सांडपाण्याच्या जुन्या नळाला आरपार भेदून गेलेला असतो, आणि रॉडिंगचे पाते त्यास लागले तर गॅस घरात शिरू शकतो. अडथळा घराबाहेरच्या भागात असेल, तर पाते चालविण्यापूर्वी गॅस कंपनीला कळवून तपासणी मागणे हेच सुरक्षित होय. तसेच नळ बदलण्यासाठी अंगण खणावयाचे झाल्यास नगराने ठरविलेल्या सूचना-क्रमांकावर आधी वर्दी दिलीच पाहिजे. शिकागो शहरात तो 811, हाच उपनगरांतही लागतो.

गटाराचे पाणी उलट येऊ नये यासाठी तीन उपाय रूढ आहेत. फरशीच्या जाळीत उभा नळ बसविणे हा स्वस्त उपाय आहे, पण पाण्याचा दाब वाढल्यास फरशी उचलली जाऊन भेगा पडतात. आमच्या मते त्यावर भिस्त ठेवू नये. अंगणातील विहिरीवजा कोठीत एकदिश झडप बसविणे हा मधला मार्ग होय. झडप मिटलेली असताना आपलेही पाणी बाहेर जात नाही, म्हणून त्या वेळी स्नान, धुणे बंद ठेवावे, किंवा कोठीत पंपाचीही सोय करावी. तळघरातील सारे सांडपाणी पंपाने छताइतक्या उंचीवर चढवून तेथून बाहेर सोडणे हा सर्वांत भरवशाचा आणि सर्वांत खर्चाचा उपाय. यांपैकी काहीही करण्याआधी छपराच्या पन्हळी गटाराला जोडलेल्या असल्यास त्या तोडून, परवानगी असेल तेथे, पाणी बागेत सोडावे. अनेक नगरे अशा कामांस अनुदान देतात. काम सुरू करण्याआधी अर्ज करावा, कारण काम झाल्यावर पैसे मिळतीलच असे नाही.

इतके करूनही पाणी वर आलेच, तर तळघरात पाऊल ठेवण्यापूर्वी विजेचा धोका नाही याची खात्री करावी, मुलांस दूर ठेवावे, मैल्याने भिजलेले गालिचे व गाद्या वाळवून पुन्हा वापरू नयेत, आणि काही हलविण्याआधी सर्व नुकसानीची छायाचित्रे घ्यावीत. घराच्या सर्वसाधारण विम्यात गटाराचे पाणी उलटून झालेली हानी बहुधा धरलेली नसते. त्यासाठी स्वतंत्र पुरवणी वाढवून घ्यावी लागते, आणि सरकारी पूरविमा हा तिचा पर्याय नव्हे. वाचकांनी आपल्या विम्याचे कागद आजच काढून ही पुरवणी त्यात आहे काय, आणि असल्यास किती रकमेची, हे वाचून पाहावे.