काळपुळीचा जिवाणू

गुरांना होणाऱ्या काळपुळीचा जिवाणू दंडाकृती असून तो साखळीने वाढतो. जिवंत जनावराच्या रक्तात तो बीजाणू धरत नाही. मृतदेह फाडला आणि हवा लागली, की पेशीच्या आत जाड कवचाचा एकच बीजाणू आकार घेतो. म्हणूनच असे जनावर न फाडता जाळतात किंवा खोल पुरतात. रॉबर्ट कॉख यांनी हे जीवनचक्र १८७६ साली उलगडले. बीजाणू अन्न घेत नाही, वाढतही नाही; पण थंडीला वा कोरडेपणाला दाद देत नाही. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी या बीजाणूंचे बॉम्ब मेंढ्यांवर अजमावले. मेंढ्या काही दिवसांतच मेल्या. बेट मात्र जवळजवळ अर्धशतक माणसांना बंद राहिले. अखेर १९८६ साली समुद्राच्या पाण्यात फॉर्मल्डिहाइड मिसळून तेथील माती भिजवावी लागली, तेव्हा कुठे १९९० मध्ये इशाऱ्याची पाटी उतरली.