नाईट सुटल्यावरची बाटली

चि. निखिल,


नाईट शिफ्ट सुटली की तुमच्या खोलीवर सकाळीच बाटली उघडते, असं चाकणहून आलेल्या कुणीतरी ताईच्या, तुझ्या आईच्या, कानावर घातलंय. ती बोलत नाही, पण तिच्या डोळ्यांपुढे आबांची दारू येते हे तुला सांगायला नको. तू म्हणशील, ‘मामा, मजेसाठी नाही, झोप लागावी म्हणून घेतो.’ मला धास्ती आहे ती याच उत्तराची. मजेखातर पिणाऱ्याला निमित्त लागतं, सणवार, लग्नकार्य. झोपेसाठी पिणाऱ्याला झोप रोजच हवी असते. आणि ती झोपही खरी नसते. दारूने गुंगी पटकन येते, पण अंमल उतरायला लागला की झोप तुटते. घशाला कोरड, छातीत धडधड, आणि दुपारी एक वाजताच डोळे टक्क उघडे. पुढे मेंदू सरावतो, तेवढ्याने गुंगीही येईना होते. मग एकीच्या दोन.

‘बिअरच तर आहे’ हे तर बोलूच नकोस. तू डिप्लोमावाला, हिशेब कर. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे ३० मिलीचे चार पेग. यकृत ते तासाला जेमतेम सात-आठ ग्रॅम निस्तरतं. ‘सगळेच घेतात, माझा एक खाडा नाही,’ हा तुझा पुढचा मुद्दा असणार. खाडा नसणं हा हजेरीपटाचा पुरावा झाला, तब्येतीचा नव्हे. यकृतावर चरबी चढते तेव्हा बहुधा काहीच दुखत नाही. मोजमापाला व्हर्नियर धरताना बोटं थरथरायला लागली, की समजावं शरीर आता दारू मागतंय. आणि अर्धवट झोपेत पुढची नाईट काढायची, तर जागं राहायला काहीतरी लागतंच. त्याच वेळी कुणीतरी एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, पुडी पुढे करतो. ऑक्टोबर २०२० मध्ये चाकणलाच पोलिसांनी सुमारे वीस किलो मेफेड्रोन पकडलं होतं, तेव्हा हा माल तुमच्या भागात नवा नाही. त्याची तरतरी दोन-तीन तासांत ओसरते, लगेच पुन्हा घ्यावंसं वाटतं, आणि हृदयावरचा ताण वाढत जातो. झोपायला एक, जागायला दुसरं, असं चालू झालं की शरीराला स्वतःचं घड्याळच उरत नाही.

हे वाचून तिरीमिरीत आजच सगळं बंद करू नकोस. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय कापतात, दरदरून घाम फुटतो, कुणाला फिट येते, जिवावरही बेततं. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरोघरी अशा माणसाला शपथा घालतात, दवाखाना दाखवत नाहीत. आबांचंही असंच झालं, ते तुला ठाऊक आहे. पिंपरीचं वायसीएम रुग्णालय तुला जवळ आहे. येरवड्याला अवचटांचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून हेच काम करतंय. व्यसनमुक्तीच्या १४४४६ या हेल्पलाइनला पैसे पडत नाहीत.

बातमी खोटी असेल तर हे पत्र फाडून टाक आणि मला चार शिव्या घाल, आनंदाने ऐकेन. खरी असेल तरी तू आमचाच आहेस. नाईटचा आठवडा तू मागून घेतला नाहीस, तो अंगावर येतो हे मला कळतं. शिफ्ट बदलून मागायची असेल तर अर्ज आपण दोघं मिळून लिहू. सुट्टी कधी आहे कळव. मी येतो, डॉक्टरकडे बरोबर बसतो, तिथे एक शब्द बोलणार नाही. ताईला काय सांगायचं ते माझ्यावर सोड. डबा घेऊन येईन, मेसचं जेवून हडकला असशील.

तुझा,
मामा