शेजाऱ्याची निर्भयता आणि आपली साक्ष

अंधेरीतील आमच्या वस्तीत एके रात्री इशाच्या नमाजनंतर एक गृहस्थ मस्जिदीत मागे थांबले. गल्लीच्या तोंडाशी अमली पदार्थ कोण विकतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचा स्वतःचा मुलगाही त्या नादी लागला होता. त्यांनी विचारले, ‘‘मौलाना, पोलिसांना सांगितले तर चहाडीचे पाप लागेल का? आणि माझा मुलगाच अडकला तर?’’ या दोन प्रश्नांची उत्तरे दिव्य कुरआन व हदीसच्या प्रकाशात पाहू या.

झाकावे काय, सांगावे काय?

सूरह अल-हुजुरातच्या १२ व्या आयतीत वाईट संशय, हेरगिरी आणि पाठीमागची निंदा या तिन्हींना मनाई आहे. त्याच सूरहची ६ वी आयत ऐकीव बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा देते. म्हणून कोणाच्या घरात डोकावणे किंवा अफवेवरून एखाद्याचे नाव घेणे धर्मसंमत नाही. माणूस आणि त्याचा रब यांच्यामधील दोषावर पडदा टाकावा, हीच शिकवण आहे.

परंतु ज्या कृत्याने इतरांची मुले, माल आणि अब्रू धोक्यात येते, त्यावर पडदा टाकणे म्हणजे जुलमाला हातभार लावणे होय. इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये निंदा वैध ठरण्याचे सहा प्रसंग सांगितले आहेत. अन्यायाची तक्रार अधिकाऱ्याकडे करणे आणि दुष्कृत्य थांबवण्यासाठी मदत मागणे हे त्यांतीलच दोन प्रसंग होत.

सहीह बुखारीतील नौकेचा दाखला सर्वांना परिचित आहे. खालच्या मजल्यावरील लोक आपल्या वाट्याच्या जागेत भोक पाडू लागले आणि वरच्यांनी त्यांना अडवले नाही, तर सर्वच बुडतील. हात धरला, तर सर्वच वाचतील. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जुलूम करणाऱ्या भावालाही मदत करण्यास सांगितले आणि त्याला जुलमापासून रोखणे हीच ती मदत, असा खुलासा केला. बापाचे मौन ही मुलाला केलेली मदत ठरत नाही.

गैरमुस्लिमांसोबतचा करार

नबुव्वतपूर्वी मक्केत एका येमेनी व्यापाऱ्याचा माल घेऊन त्याची किंमत बुडवण्यात आली. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी कुरैशच्या काही घराण्यांनी पीडिताच्या पाठीशी उभे राहण्याचा करार केला. हाच ‘हिल्फुल फुजूल’. तरुण मुहम्मद (स.) तेथे उपस्थित होते, आणि नबुव्वतनंतरही अशा करारासाठी बोलावले तर आपण जाऊ, असे त्यांनी सांगितले. सूरह अल-माइदाच्या २ ऱ्या आयतीतील सत्कर्मात सहकार्य करण्याच्या आज्ञेशी हे सुसंगतच आहे.

आपल्या प्रदेशाचा अनुभव

पोलीस ठाण्याची पायरी चढताना आपले पाय अडखळतात, यामागे इतिहास आहे. १९९२-९३ च्या दंगलींतील पोलिसांच्या वर्तनावर श्रीकृष्ण आयोगाने गंभीर ताशेरे ओढले. ती वेदना नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच काळाने दुसरा धडाही दिला. १९७० आणि १९८४ मध्ये होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू, मुस्लिम रहिवासी आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या प्रयत्नांतून मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. तक्रार घेऊन जाण्याच्या दिवसाआधीच ओळख झालेली असावी, हे तिचे मर्म होय.

कायदा जाणून घ्या

अज्ञानातून भीती वाढते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, मग गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो. प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद नाकारली, तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार करता येते. साक्षीदार म्हणून स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले आणि ६० वर्षांवरील पुरुष यांना राहत्या जागेखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावेत.

अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने शासनमान्य संस्थेत उपचार घेऊन ते पूर्ण केल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. त्या पित्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

मात्र एक मर्यादा सदैव पाळावी. संशयिताला पकडून मारहाण करणे किंवा त्याचे छायाचित्र मोबाईलवर पसरवणे हा स्वतःच जुलूम आहे. आपले काम खरी साक्ष देणे. शिक्षा देणे न्यायालयाचे. सूरह अन-निसाच्या १३५ व्या आयतीनुसार ती साक्ष स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरोधात जात असली तरी न्यायावर ठाम राहायचे आहे.

त्या गृहस्थांनी आधी मुलाला उपचारासाठी दाखल केले. नंतर जमातीतील दोन वडीलधारे आणि शेजारच्या इमारतीतील एक हिंदू गृहस्थ यांना सोबत घेऊन ते ठाण्यात गेले. मुलाचा उपचार अजून चालू आहे. वाट लांबची आहे. पण आता ते एकटे नाहीत.

ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही त्याचा ईमान पूर्ण नाही, हे हदीसचे तात्पर्य आहे. आपला शेजारी निर्भयपणे झोपावा, अशी वस्ती घडवण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.