जुना टीव्ही-गेम, नवा टीव्ही आणि मधली केबल

माझा धंदा कापडाचा. तरीही आज या पानावर केबलविषयी लिहीत आहे, कारण मागच्या वर्षी याच बाबतीत मी पदरचे पैसे घालवले. त्यातून जे समजले ते आपल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागीर बांधवांच्या उपयोगाचे आहे.

झाले असे की, भाच्याने माळ्यावरून जुना कॅसेटवाला टीव्ही-गेम खाली काढला. "मामू, ह्या टीव्हीला पिवळी पिन लावायला जागाच नाही," तो म्हणाला. मी एका दुकानातून ‘एच.डी. चित्र देणारी’ म्हणून एक डबी व सोनेरी टोकांची केबल आणली. चित्र आले, पण धुरकट. शिवाय बटण दाबल्यावर मारिओ क्षणभर उशिरा उडी मारी आणि खड्ड्यात पडे. दुकानदार म्हणाला, याहून भारी केबल न्या. तीही नेली. फरक काहीच नाही.

शेवटी गोंदियातल्या आमच्या शेजारच्या मिस्त्रींकडे गेलो. पिक्चर ट्यूबचे टीव्ही गेल्यापासून त्यांच्या टेबलावर काम कमीच. त्यांनी डबी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, "भाई, लाल ओढणी आणि पांढरा कुडता एकाच घमेल्यात भिजवला, तर मग साबण कितीही भारी घ्या, कुडता पहिल्यासारखा होईल का?"

मुद्दा सगळा यातच आहे. चित्रात उजेड-अंधार एक आणि रंग दुसरा, अशा दोन गोष्टी असतात. पिवळ्या पिनेच्या एकाच तारेतून दोन्ही मिसळून येतात आणि टीव्ही त्यांना पुन्हा वेगळे करू पाहतो. ते पूर्ण जमत नाही, म्हणून अक्षरांच्या कडेला रंग थरथरतो. अँटेनाच्या वायरने जोडले तर त्यात आवाजही मिसळतो आणि सगळे एका चॅनलवर लादून पाठवले जाते, त्यामुळे चित्र आणखी खराब. आपल्याकडे जे कॅसेटवाले नकली गेम घरोघर होते (‘९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी कॅसेट आठवत असेलच), त्यांच्या आतली चिपच मिसळलेले चित्र तयार करते. म्हणजे यंत्रातून बाहेर पडण्याआधीच रंग लागलेला! अँटेनाची वायर काढून पिवळी पिन लावणे, एवढीच सुधारणा तिथे शक्य. त्यापुढची भारी केबल म्हणजे गिऱ्हाइकाचे नुकसान.

सगळी यंत्रे अशी नाहीत. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्हच्या मागच्या गोल सॉकेटातून लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे बाहेर येतात. हे यंत्र भारतात १९९५ साली शॉ वॉलेसमार्फत आले. आयात कर ८० टक्के आणि किंमत १८,००० रुपये! आमच्यासारख्या गावांत नकली माल का भरला, ते व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. ज्यांच्याकडे सेगा आहे त्यांना चांगल्या केबलचा खरा फायदा होतो. मात्र त्या तीन रंगांसाठी युरोपच्या टीव्हींत असलेले स्कार्ट सॉकेट इकडे नसते, म्हणून मध्ये बदलणारी डबी लागतेच.

सर्वांत सोपे गिऱ्हाईक २००० साली निघालेल्या प्लेस्टेशन २ चे. त्याला हिरव्या-निळ्या-लाल पिनांची कंपोनंट केबल थेट बसते, आणि थोड्या वर्षांपूर्वीच्या पुष्कळ पातळ टीव्हींना ती सॉकेटे असतात. आवाजाच्या लाल-पांढऱ्या पिना वेगळ्या. दोन लाल पिनांची अदलाबदल ही नेहमीची चूक. यंत्राच्या सेटिंगमध्येही कंपोनंट निवडावे लागते. दुसरा लाभ असा की, बाहेरून आणलेले यंत्र आपल्या जुन्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर पिवळ्या पिनेने कृष्णधवल दिसते. लोक यंत्र बिघडले समजून भंगारात देतात. प्रत्यक्षात रंग पाठवण्याची पद्धत वेगळी, एवढेच. टीव्हीच्या मेनूत रंगपद्धत ‘ऑटो’ करून पाहावी किंवा कंपोनंटने जोडावे, रंग येतो.

भाच्याच्या टीव्हीचे उत्तर तर हसण्यासारखे निघाले. पिवळ्या पिनेची जागा होती, पण हेडफोनसारख्या एका बारीक भोकात. तिथे साडेतीन मिलिमीटरची चार भागांची पिन लागते. त्या भागांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, म्हणून चित्र न येता आवाजात गुरगुर आली तर पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्याच्या जागी लावून पाहावी. तरीही जमले नाही तर ती तार त्या टीव्हीची नव्हे.

आणि मारिओचा उशीर? जुना गेम अर्ध्याच ओळी सलग काढतो. स्वस्त डबी त्यांना सम-विषम ओळींचे चित्र समजून सांधायला बसते, त्यात वेळही जातो व चित्रही फाटते. हे नीट ओळखणारी ओएसएससी, रेट्रोटिंक अशी यंत्रे मिळतात, पण ती महाग. टीव्हीत ‘गेम मोड’ असेल तर आधी तो लावावा, फुकट आहे.

केबल तयार करणे मात्र हुन्नरीचे काम आहे. बाजारातल्या स्वस्त केबलीत जाळी नसते, तारा नुसत्या शेजारी ठेवलेल्या असतात, म्हणून पडदा पांढरा झाला की आवाजात घर्र ऐकू येते. मिस्त्री केबल टीव्हीची ७५ ओहमची आर.जी. ५९ वायर घेऊन पिना डाखतात, जाळी पिनेच्या कड्याला जोडतात आणि मीटर लावून पाहतात. सोनेरी मुलाम्याने चित्र सुधारत नाही, फक्त गंज चढत नाही.

आता ते गिऱ्हाइकाला यंत्र घेऊनच बोलावतात, टेबलावर दोन्ही केबलींनी चित्र दाखवतात आणि मगच भाव सांगतात. कॅसेटवाल्या गेमच्या मालकाला तर सरळ सांगतात की यात सुधारणा होणार नाही, केबल घेऊ नका. मागच्या महिन्यात असाच परत पाठवलेला एक जण आठवड्याने दोन प्लेस्टेशन घेऊन आला.

बदके मारायची बंदूक घेऊनही कोणी कोणी येतात. ती पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच चालते, नव्या टीव्हीवर कुठलीही केबल लावा, नेम लागत नाही. म्हणून माझ्या गोदामात कापडाच्या गाठींमागे पडलेला २१ इंची संच मी त्यांच्या दुकानी पोहोचवला. तो उघडायचा मात्र जाणत्या हातानेच. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये जबर वीज साठून राहते.