मांजराला आकडी आली, तर खर्च किती?

दौलताबादहून शहरातला खडकेश्वरचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना साधारण 15 किलोमीटर. शरणापूर, मिटमिटा, पडेगाव ओलांडायचं, त्यात रविवारी वेरूळच्या गाड्यांची गर्दी. मांजराची आकडी बहुतेकदा एक-दोन मिनिटांत ओसरते. तेव्हा ती चालू असताना मांजर उचलून धावू नका. तोंडात बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाणी पाजू नका. टीव्ही बंद करा, आजूबाजूचं सामान सरकवा, घड्याळ बघा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांसमोर मांजर शहाण्यासारखं बसतं. हा फुकटचा व्हिडिओच तिथे कामी येतो. आकडी 5 मिनिटांच्या वर गेली किंवा 24 तासांत पुन्हा आली, तर मात्र लगेच रिक्षा करा, भाड्याची घासाघीस नको.

डॉक्टर आधी विषबाधेचं विचारतील. गाई-शेळ्यांच्या गोचिडांवर फवारतात ते डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, किंवा कुत्र्याच्या मानेवर सोडायचे परमेथ्रिनचे थेंब मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. गोठ्यात अंगाला लागलेलं औषध ते चाटून पोटात घेतं. बाटली सोबत न्या. घरात कुत्र्याचं औषध उरलंय म्हणून मांजरालाही लावणं, याच्याइतका महागात पडणारा काटकसरीचा उद्योग दुसरा नाही.

सरकारी दवाखान्यात केसपेपरचे पैसे नाममात्र. खासगीत तपासणीचे काहीशे रुपये, आणि साखर, यकृत, मूत्रपिंडाच्या रक्ततपासण्या धरल्या तर हजार-दोन हजार सोबत ठेवा. एमआरआयला भूल द्यावी लागते, त्यासाठी बहुधा पुणे-मुंबई गाठावी लागते आणि बिल पाच आकडी होतं. माझ्या मते आधी रक्त तपासा. एमआरआयचं त्यानंतर, डॉक्टरांनी कारण सांगितलं तर.

रोजचं औषध मात्र स्वस्त. फेनोबार्बिटोनची 30 मिलिग्रॅमची गोळी. चार किलोच्या मांजराला सुरुवातीला बहुधा चतकोर, दिवसातून दोनदा. म्हणजे महिन्याला 15 गोळ्या, शंभर रुपयांच्या आत. नेमका डोस डॉक्टरच ठरवतील, चिठ्ठीही लागेल. दोन-तीन आठवड्यांनी रक्तातली औषधाची पातळी तपासतात, तो खर्च वेगळा. लेव्हेटिरासेटम महाग, शिवाय सहसा दिवसातून तीनदा. कुत्र्यांना चालणारं पोटॅशियम ब्रोमाइड मांजराला नको, फुप्फुसांना सूज येते.

बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने थांबवू नका. अचानक बंद केली तर आकडी जोरात उलटते. दिवाळीत गावाला निघण्याआधी पंधरा दिवसांच्या गोळ्या आणून ठेवा.