मजुरी कोणाच्या हातात पडते?

अभ्यासपाठ : अनुवाद २४:१४-१५, याकोब ५:१-६

गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बेड्या, जहाजे आणि बाजारात उभी केलेली माणसे येतात. शब्बाथ शाळेत आपण विल्बरफोर्स यांची गोष्ट सांगतो, १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांत गुलामगिरी संपली असे शिकवतो आणि धडा मिटवतो. परंतु आंतरराष्ट्रीय मजूर संघटना व तिच्या सहकारी संस्थांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे २ कोटी ७६ लक्ष माणसे सक्तीच्या मजुरीत अडकलेली होती. बेडी गेली, तिच्या जागी कर्ज, धाक आणि फसवणूक आली. ही नवी बेडी कशी ओळखावी, हे एका उदाहरणावरून पाहू.

१. इंग्लंडमधील एक प्रकरण

इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागात एका टोळीने पोलंडमधून बेघर, व्यसनाधीन व तुरुंगातून सुटलेल्या माणसांना चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून आणले. त्यांना घाणेरड्या, उंदीर फिरणाऱ्या घरांत दाटीवाटीने ठेवले आणि शेतांवर, कारखान्यांत व कचरा निवडण्याच्या केंद्रांवर कामास धाडले. बळी पडलेल्यांची संख्या ४०० च्या वर असावी, असा पोलिसांचा अंदाज होता. काहींच्या हातावर दिवसाकाठी अवघे ५० पेन्स पडत. २०१५ साली एका सेवाभावी संस्थेने यातील काही माणसांची दुःखे पोलिसांच्या कानी घातली आणि तपास सुरू झाला. पाच पुरुष व तीन स्त्रिया दोषी ठरल्या. त्यांना ३ ते ११ वर्षांच्या शिक्षा झाल्याचे २०१९ च्या जुलैमध्ये जाहीर झाले.

२. पगार दिला होता, तरीही

या प्रकरणातील विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, कामाच्या ठिकाणाहून पगार निघत होता. मजुरांच्या नावे बँकेत खातीही होती. मात्र खाती टोळीने उघडली होती व त्यांवर ताबाही टोळीचाच होता. टोळीतील एक स्त्री तर मजूर पुरवणाऱ्या एजन्सीतच नोकरीला होती. त्यामुळे कागद चोख राहिले आणि माणूस उपाशी राहिला.

कचऱ्याच्या धंद्यात असे का घडते? फिरत्या पट्ट्यावरून काच, पत्रा, प्लॅस्टिक वेचण्याच्या कामाला भाषा लागत नाही, शिक्षण लागत नाही. काम घाणीचे, म्हणून स्थानिक माणूस फिरकत नाही. माणसे कमी पडली की एजन्सीला निरोप जातो आणि ती कोठून आली हे कोणी विचारत नाही.

३. मालकाने काय करावे

ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याप्रमाणे, ३ कोटी ६० लक्ष पौंड किंवा त्याहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना आपल्या कामात व पुरवठादारांकडे गुलामगिरी शिरू नये म्हणून काय केले, याचे निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावे लागते. निवेदन लिहिणे सोपे आहे. खरे काम पुढीलप्रमाणे :

(अ) अनेक मजुरांचा पगार एकाच खात्यात जातो काय, अनेकांचा पत्ता वा फोन एकच आहे काय, हे तपासावे.

(आ) नोकरीसाठी मजुराकडून दलाली घेतली जाऊ नये. त्याचे ओळखपत्र त्याच्याच खिशात असावे.

(इ) मजुराशी त्याच्या भाषेत, मुकादम जवळ नसताना बोलावे. दुभाषा एजन्सीचा नसावा.

(ई) पोटठेकेदार व वस्तू पुरवणारे यांच्याकडेही पाहावे. कचरा निवडणाऱ्याच्या हातातील रबरी मोजेसुद्धा कोणीतरी बनवलेले असतात. मलेशियातील एका मोठ्या कंपनीच्या मोज्यांवर सक्तीच्या मजुरीच्या कारणाने अमेरिकेने २०२० व २०२१ मध्ये आयातबंदी घातली होती. तेथील परदेशी मजूर नोकरीसाठी दलाली भरून कर्जात बुडाले होते. कंपनीने ती रक्कम परत केली आणि २०२१ च्या सप्टेंबरात बंदी उठली.

(उ) बळी सापडला तर त्याला कामावरून हाकलू नये. तसे केल्यास पुढचा मजूर तोंड उघडणार नाही.

४. आपल्या अंगणात

आपल्याकडे वेठबिगारीला राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मनाई आहे, आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदाही आहे. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, गरजेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणे हीदेखील सक्तीची मजुरीच होय. उचल देऊन माणूस बांधून ठेवणाऱ्या मुकादमाला हा निर्णय चपखल लागू पडतो.

ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच घातलेले होते. मुंबईत तर कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ लढ्यानंतर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा "आम्ही ठेकेदाराला पैसे दिले" एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. आमच्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे आणि मंदिराचे आवार झाडणारी माणसेही पुष्कळदा ठेक्यावरच असतात. सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी द्यावी, असे अनुवादात सांगितले आहे, ते मजुराच्या हातात देण्याविषयी आहे, मध्यस्थाच्या नव्हे. याकोब तर अडवून ठेवलेल्या मजुरीलाच वाचा फुटल्याचे सांगतो. आपल्या पंचकमिटीने हिशेब तपासताना ठेकेदाराच्या पावतीबरोबर झाडणाऱ्या बाईलाही एकदा विचारावे : "बाई, तुमच्या हातात किती पडतात?"

वर्गात चर्चेसाठी

१. घंटागाडीवर येणाऱ्या कामगाराचे नाव आपणांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

२. पगार निघाला, पण मजुराला मिळाला नाही, असे कोणकोणत्या मार्गांनी होऊ शकते?

३. सर्वांत स्वस्त ठेका स्वीकारताना ती बचत कोणाच्या मजुरीतून होते?

४. एखादा मजूर धाकात आहे असे दिसल्यास त्याला आणखी संकटात न टाकता आपण कोणाकडे जावे?